गणपतीच्या कारखान्यात होडी

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या होडीचा सांगाडा उभा राहिला आणि दुसऱ्याच रविवारी सेक्रेटरी खाली आले... इथे लोकांना स्कूटर लावायला जागा नाही, आणि तुम्ही जहाज काय बांधताय?

जहाज नव्हतं हो. प्लायवूडची, दोन माणसं बसतील एवढी साधी वल्ह्यांची होडी. मी मूळचा मंगळवेढ्याचा, लहानपणी पाणी पाहिलं ते टँकरमधलं. पनवेलला नोकरी लागली, आसपास एवढ्या खाड्या आणि नद्या बघितल्या आणि डोक्यात हे खूळ शिरलं. बायको म्हणाली, लोक या वयात ट्रेकिंग करतात.

मग जागेची शोधाशोध सुरू झाली. कळंबोलीत गोडाऊनचं भाडं ऐकून चहा न पिताच उठलो. पळस्प्याला एका गॅरेजमागे शेड मिळाली होती, पण हायवेची धूळ अशी की इपॉक्सीचा हात मारला की तासाभरात त्यावर सँडपेपर तयार! सगळं विकून टाकावं असं वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात ऑफिसमधल्या एकाने आपटा गावच्या परशूकाकांचं नाव सांगितलं. काका गणपतीच्या मूर्ती करतात. घराला लागून त्यांचा कारखाना, म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. गणपती झाले की ती कित्येक महिने रिकामीच असते. भाडं त्यांनी एवढं कमी सांगितलं की मलाच लाज वाटली. अक्षय्य तृतीयेपर्यंत वापरायची, असं ठरलं.

ते दिवस फार सुंदर होते... रविवारी सकाळी जायचं, दार सताड उघडं ठेवायचं, आणि रंधा मारत बसायचं. काकू चहा आणून द्यायच्या. काका होडीला हात लावून बघायचे आणि हसायचे.

अक्षय्य तृतीया आली तेव्हा होडीचा तळ पुरा व्हायचा होता. मी अजून महिनाभर मागितला. काका म्हणाले, "ऱ्हाऊंदे. माती यायला येळ हाय अजून. लागलं तर आमी पडवीत बसतो कामाला." मी खूश!

मे महिन्यातल्या एका रविवारी काका-काकू मुलीकडे उरणला गेले होते. दारात एक आजोबा येऊन उभे राहिले. काखेत लाकडी पाट. आत वाकून बघितलं आणि विचारलं, "परशू गणपती करत नाय काय औंदा?"

मी होडीखाली आडवा पडलो होतो. तिथूनच म्हणालो, माहीत नाही बुवा, ही जागा तर मी भाड्याने घेतलीय. वर त्यांना उत्साहाने होडीही दाखवली. त्यांनी ती शांतपणे पाहिली, "बरी झालीय" म्हणाले, आणि पाट घेऊन निघून गेले. मला वाटलं, कुठेतरी पूजेला निघाले असतील... त्या दिवशी आणखी काही जण दारापर्यंत येऊन नुसते बघून परत गेले. मी त्यांना हात हलवून हसत होतो.

जूनमध्ये होडी पाण्यात उतरली. काकांनी स्वतः नारळ फोडला.

आषाढात पेढे घेऊन गेलो. शेड झाडून, चुना मारून तयार होती. माती भिजवलेली होती. पण मूर्ती अगदी मोजक्याच, आणि भिंतीकडेची लांब फळी रिकामी. काकूंना सहज विचारलं, अजून सुरुवात नाही का?

काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं. इथे घराघराचा आपला पाट असतो. सुट्टीला गावी आलेली माणसं तो कारखान्यात ठेवून जातात, आणि त्याच पाटावर त्यांचा गणपती घडतो. पावती नाही, काही नाही. पाट ठेवला की झालं. आमच्याकडे मूर्ती बाजारातून आणायची, मला हे कुठून माहीत असणार... लोकांनी शेडमध्ये होडी बघितली, भाडेकरू बघितला, आणि परशूने कारखाना बंद केला असं समजून, काकांना न विचारताच, पाट पलीकडच्या गावातल्या कारखान्यात नेऊन ठेवले.

मी तसाच त्या आजोबांचं घर शोधत गेलो. त्यांना सगळं समजावलं. त्यांचाही चेहरा पडला. पण मान हलवून म्हणाले, "एकदा ठेवलेला पाट उचलून नाय आनत. बाप्पाचा हाय तो."

परत येऊन काकांसमोर बसलो. माफी मागितली. त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली घरं होती ती. काका म्हणाले, "तुमी काय जानून केलंत? जाऊंदे." आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

परवा गणपती आणायच्या दिवशी मी आपट्यात होतो. पलीकडच्या गावाहून मूर्ती येत होत्या, आणि रस्ता काकांच्या दारावरूनच जातो. काका स्वच्छ सदरा घालून ओट्यावर उभे होते. प्रत्येक मूर्तीला हात जोडत होते.

ते आजोबा आले. मूर्ती मुलाच्या हातात होती. दारासमोर त्यांची पावलं अडखळली, मान खाली गेली. काका ओट्यावरून उतरले, मूर्तीवरचा घसरलेला रुमाल नीट केला आणि मोठ्याने "मोरया" म्हणाले. मला तिथे उभं राहवेना.

काकांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. चांगलं चार शिव्या देऊन हाकललं असतं तर मी निदान घरी येऊन झोपलो तरी असतो...