पोटरीतली गाठ

माझी बायको कोरोनातून उठली होती. लोक म्हणतात कोरोनात गेली. तसं नाही. दवाखान्यातून स्वतःच्या पायांनी चालत घरी आली, शेजारणीनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि त्याच दिवशी तिनं मला पिठलं-भाकरी करून घातली. आठवड्याभरानं मेली.

मी जन्मभर कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात. शाळा चौथीपर्यंत. सीझनला रस उकळायच्या भांड्यांवर, सीझन संपला की त्याच भांड्यांच्या नळ्या आतून घासायच्या. रसाचा थर बसतो, दगडासारखा. तिथं एकच शिकलो, वाफेच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवायची. काटा जागेवर तर सगळं जागेवर. म्हणून बायको घरी आल्यावर बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन मी हातातून सोडलंच नाही. ती चिडायची. "आवं, बोट हाय माझं, बॉयलर न्हाई." आकडा चांगला यायचा. मी खूश.

एका सकाळी ती मोरीतून बाहेर आली, धाप लागली म्हणाली, भिंतीला टेकून खाली बसली, आणि गाडी येईपर्यंत संपली.

तिला घरी सोडणाऱ्या डॉक्टरकडं मी भांडायला गेलो. बरी झाली म्हणून कागद दिलास, मग मेली कशी? तरणा होता, पण भला. मला बसवलं. म्हणाला, पायाच्या रक्तवाहिनीत गाठ धरली असणार, ती सुटून छातीत अडकली. आजार फुफ्फुसाचा, पायाचा काय संबंध, मी विचारलं.

मग त्यानं समजावलं. रक्तवाहिनीला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं. विषाणू पेशीत शिरतो तो तिच्या अंगावरची एक कडी धरून. नाकात, फुफ्फुसात अशा कड्या असतात. रक्तवाहिनीच्या अस्तरावर अगदी थोड्या, म्हणून ते त्याला सहसा दाद देत नाही. पण फुफ्फुसात लढाई पेटली की शरीर रक्तातून हाका पाठवतं. सूज चढते, आणि त्या हाका ऐकून अस्तराच्या पेशी बिथरतात. काहींच्या अंगावर कड्या वाढतात, बंद दार किलकिलं होतं. आणि विषाणू आत शिरो न शिरो, सुजेनंच अस्तर बिघडतं, तिथं रक्त गोठायला लागतं. हे सगळं अजून पुरतं कळलेलं नाही, शोधणाऱ्यांतही वाद आहेत, असंही म्हणाला.

माझं डोकं फिरलं. लोखंडाची नळी कुणाच्या हाका ऐकून आतून बदलत नाही. हिच्या नळ्या जिवंत होत्या आणि घरातल्याच हाकांनी फितूर झाल्या. चोर बाहेरचा, त्याला धरायला कडी घरच्यांनीच बसवून दिली. एसटी स्टँडवर बसून मी त्या नळ्यांना शिव्या घातल्या.

पोटरी दुखत होती का, सुजली होती का, असंही डॉक्टरनं विचारलं होतं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, छे, दुखली असती तर मला बोलली असती.

वर्षश्राद्धाला जेवणं उरकली तरी शेजारीण जाईना. ही माझ्या बायकोला आक्का म्हणायची, दोघींचं धुणं एका दगडावर. मी काही विचारायच्या आत रडायला लागली.

"दाजी, आक्काची पोटरी टम्म झालती. मला दाखवली हुती."

"मला का नाही सांगितलं?"

"शपथ घातली तिनं. सांगितलंस तर माझ्या धन्याचं मढं बघशील म्हनली."

बायकोला दवाखान्याच्या त्या वॉर्डात परत जायचं नव्हतं, शेजारणीनं सांगितलं. शेजारच्या खाटेवरची बाई गेली, आणि ही बराच वेळ तिच्याकडं बघत पडून होती. मला कळलं असतं तर मी उचलून नेलं असतं, हे तिला ठाऊक. म्हणून माझ्याच जिवाची शपथ. शेजारणीनं पोटरीला हळदीचा लेप लावला आणि मला दिसू नये म्हणून हिनं लुगडं खाली ओढून घेतलं.

मी परत डॉक्टरकडं गेलो. तेव्हाच आणली असती तर?

"काका, खात्री नाही देता येत. पण गाठीवर औषध असतं. वाचायची आशा होती."

नळ्यांवरचा राग तिथंच गेला. पेशींना काय कळतं, हाक आली, फिरल्या. माझ्या बायकोला कळत होतं. एवढा संसार केला, आणि शेवटचं दुखणं दुसरीला दाखवलं. फोटोला हार घालतो मी, पण तोंडाकडं बघत नाही.

आमच्याकडं शपथ ज्यानं घातली त्यानंच सोडवायची. 'सुटली' असं तोंडानं म्हणायचं, मग समोरचा मोकळा. परवा शेजारीण दारात येऊन उभी राहिली. शपथ मोडली, आता तुमाला काय झालं तर, या भीतीनं झोप लागत न्हाई म्हणाली. आक्का तर न्हाई. तुमच्या जिवाची हुती, तवा तुमीच म्हना, सुटली.

बाई वाईट नाही. मी तिला बस म्हणालो, पाणी दिलं. ती पाणी प्यायली, माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तो शब्द काही माझ्याच्यानं निघाला नाही. तांब्या खाली ठेवून ती उठून गेली.