बस गाठायची होती: कुवेत ते जॉर्डन, दोनशे सीसी टू-स्ट्रोकवर

जायचं ठरलं ते पासपोर्ट हातात पडले तेव्हा. तोवर महिनाभर आम्ही नुसतेच 'जायचं, जायचं' म्हणत होतो. १९९० चा सप्टेंबर होता. कुवेत इराकी सैन्याच्या ताब्यात जाऊन महिना उलटला होता, आमचे पासपोर्ट कंपनीच्या कुवेत शहरातल्या मिरकाब भागातल्या ऑफिसात होते आणि ऑफिसला कुलूप. मी रोज खेटे घालत होतो. शेवटी कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रं फिरवणारा माणूस, एका सकाळी स्वतःच अब्बासियाला आमच्या दारात आला, पासपोर्ट हातात ठेवले आणि पाणीही न पिता निघून गेला. भला माणूस.

मी तेव्हा हॉस्पिटलमधली यंत्रं दुरुस्त करायचो. मूळचा पुण्याचा, त्यामुळे सगळ्या यंत्रांतलं मला सगळं कळतं असा माझा समज होता. बायको वसुधा, नाशिकची, नर्स. मुलगी मिनू चार वर्षांची. अब्बासियातल्या लोकांनी मिळून जॉर्डनच्या हद्दीपर्यंत एक बस ठरवली होती. तिच्यात एकच जागा उरली होती. मिनूला मांडीवर घेतलं तर दोघींचं भागत होतं. मग मी काय करायचं? आमची कार पहिल्याच आठवड्यात शिपायांनी नेली होती. राहिली होती ती माझी मोटरसायकल: जपानी, एका सिलिंडरची, वाळूत आणि रस्त्यावर दोन्हीकडे चालणारी. परत जाणाऱ्या एका इंग्रजाकडून मी ती वर्षापूर्वी घेतली होती. पुढचं चाक काढून खाटेखाली लपवल्यामुळे ती कुणी नेली नाही.

मी म्हणालो, तुम्ही दोघी बसमध्ये बसा, मी मागून येतो. वसुधा दोन दिवस नाही म्हणत होती. पण बसच्या ड्रायव्हरनं सांगून टाकलं होतं की तो कुणासाठी थांबणार नाही, आणि दुसरी बस कधी मिळेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हद्दीपलीकडच्या तंबूंत हजारो माणसं पडली आहेत, फोन नाही, नावांची यादी नाही, असं सगळे सांगत होते. तिथे चुकामूक झाली तर एकमेकांना शोधायचं कुठे? म्हणून मी तिला एकच शब्द दिला, की हद्द ओलांडायच्या आत मी बसपाशी असेन.

लडाखला मोटरसायकली घेऊन जाणारी मुलं मला हल्ली सामानाची यादी विचारतात, म्हणून सांगतो. वीस लिटरचा पेट्रोलचा डबा, दहा लिटर पाणी, दोन प्लग, पाने, तारेचं भेंडोळं, जुना टूथब्रश, खुबूस म्हणजे तिकडची रोटी, टोमॅटो आणि खजूर. पैशाचं म्हणाल तर कुवेती दिनाराची किंमत इराकी दिनाराइतकी करून टाकली होती, त्यामुळे खिशात असले काय न् नसले काय. पेट्रोल मात्र इराकात पाण्याच्या भावानं मिळत होतं. टू-स्ट्रोकचं ऑइल कुठेच मिळत नव्हतं. माझ्याकडे तीन डबे होते.

आणि इथेच माझा शहाणपणा आडवा आला. पुण्यात मी पंधरा वर्षं स्कूटर चालवली होती. पेट्रोल भरताना त्यात ऑइल मिसळायचं, आणि इंजिन जाम होऊ नये म्हणून एक माप जास्तच घालायचं, हा आमचा संस्कार. या गाडीत ऑइलची वेगळी टाकी होती आणि पंप आपोआप हवं तेवढं ऑइल देत होता. तरी एवढा लांबचा पल्ला, एवढं ऊन, म्हणून मी टाकीतल्या आणि डब्यातल्या पेट्रोलमध्येही ऑइल ओतलं. वरून एक माप जास्त. छान केलंस असं स्वतःलाच म्हटलं.

पहाटे निघालो. इराकात शिरताना सफवानला तपासणी, बसऱ्याला तपासणी, मध्ये आणखी चार. तपासणीत बसला तास-तास लागायचा आणि मला दहा मिनिटं, त्यामुळे पहिला दिवस सोपा गेला. मागच्या काचेतून मिनू हात हलवायची, मी हॉर्न वाजवायचो. बसमध्ये आमचा शेजारी साळवी होता, चिपळूणचा, लॅब टेक्निशियन. प्रत्येक थांब्यावर तो खाली उतरून माझ्या धुराकडे बघायचा आणि म्हणायचा, भावजी, मच्छर मारताय काय. धूर खरंच फार होता. दुपारनंतर गाडी सत्तरच्या वर जायला कुरकुर करायला लागली. मी प्लग काढला, तो काळाकुट्ट आणि ओला. पॉलिश पेपरनं घासून परत लावला, तासभर बरी चालली. मला वाटलं, झालं काम. बगदादला बस अड्ड्याबाहेर रात्र काढली, फुटपाथवर चादर टाकून. मसुराचं पातळ कालवण आणि खुबूस मिळालं, तेही रांगेत उभं राहून.

दुसऱ्या दिवशी रमादी सोडल्यावर रस्ता सरळ, सपाट, रिकामा. इथे तपासण्या नव्हत्या. बसनं नव्वदचा वेग धरला आणि माझी गाडी पन्नासवर अडकली. जागेवरून मस्त उचलायची, पण पुढे मूठ पिळली की नुसती घुसमटायची. बस लहान होत गेली. मागच्या काचेत वसुधा उभी होती एवढं मला दिसलं, मग तेही दिसेना. मी गाडी कडेला घेतली.

आता थोडं यंत्राविषयी, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. असल्या गाडीच्या धूर जायच्या वाटेत एक छोटी गोल फिरणारी झडप असते, पॉवर व्हॉल्व्ह. गाडी हळू असताना ती वाट थोडी अडवून धरते, म्हणजे ओढ चांगली मिळते. वेग वाढला की ती फिरून वाट पूर्ण मोकळी करते. झडप अडलेली राहिली तर गाडी उचलेल, पण पळणार नाही. माझं दुखणं नेमकं हेच होतं, आणि मी आदल्या दिवसापासून प्लग घासत बसलो होतो.

ही झडप एक छोटी मोटर दोन तारांनी फिरवते. चावी फिरवली की मोटर झडप एकदा पूर्ण फिरवून बघते, झिर्र असा आवाज येतो. मी इंजिन बंद ठेवून चावी फिरवली. घुं एवढंच, आणि गप्प. हॉस्पिटलात आम्ही करायचो तेच केलं: आधी दोघांना वेगळं करायचं, मग दोष कुणात ते बघायचं. तारा सोडल्या, चावी फिरवली. मोटर छान फिरली. म्हणजे ती निर्दोष. मग झडपेची चाकी हातानं फिरवून पाहिली, तसूभर हलेना. इंजिन तापलेलं होतं, बोटं भाजली. ते निवायला अर्धा तास गेला आणि त्या अर्ध्या तासात मी स्वतःला सगळ्या शिव्या देऊन घेतल्या.

झडप बाहेर काढली तेव्हा तिच्यावर डांबर होतं डांबर. दुप्पट ऑइल जळून जळून बसलेलं. गाडीचा काही दोष नव्हता, सगळं पुणेरी कर्तृत्व. लोखंडानं खरवडलं तर झडपेला चरे पडतात, म्हणून रस्त्याकडेला फेकलेल्या खजुराच्या पेटीची फळी फोडली, तिच्या काडीनं खरवडलं, पेट्रोल आणि टूथब्रशनं घासलं. आतली वाटही तशीच साफ केली. सावली कुठेच नव्हती. डोक्यावर ओला टॉवेल होता, तो पाच मिनिटांत वाळायचा. ट्रक जात होते, एकानं थांबून पाण्याची बाटली दिली.

झडप बसवली, चाकी हातानं लोण्यासारखी फिरली. तारा जोडल्या आणि स्कूटरच्या क्लचची ओढावी तशा दोन्ही ताणून घेतल्या, जरा म्हणून ढिलाई ठेवली नाही. चावी फिरवली, तर झडप अर्ध्यावर जाऊन टक्कन थांबली. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्क. मी तसाच निघालो, कारण बस पुढे चालली होती. दहा किलोमीटर गेलो असेन. साठच्या वर काही गाडी जाईना. तेव्हा मात्र उतरलो आणि स्वतःला म्हटलं, घाई करून दोन दिवस वाया घालवलेस, आता नीट कर.

बसून विचार केला तेव्हा कळलं, ते इतकं साधं होतं की चीड आली. एक तार ओढते तेव्हा दुसरीनं सैल सोडायला हवं. दोन्ही ताणल्या तर झडप फिरणार कुठे? चाकीला एक भोक असतं आणि मागे इंजिनवर खूण. दोन्ही जुळवून त्यात खिळा अडकवायचा, म्हणजे चाकी जागची हलत नाही. मग दोन्ही तारा सारख्या सैल ठेवायच्या, बोटानं दाबल्यावर जराशा हलतील इतक्या, नट आवळायचे आणि खिळा काढायचा. विसरलात तर मोटर जळेल. मी तीनदा तपासलं आणि चावी फिरवली. झिर्र, आणि पुन्हा झिर्र करून झडप जागेवर आली. त्या आवाजानं मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

डब्यातलं पेट्रोल फेकता येत नव्हतं, पुढे पंप कधी लागेल कोण जाणे. म्हणून ऑइलच्या पंपाची तार काढून टाकली, म्हणजे तो अगदी कमी ऑइल देईल. मूठ पिळली तशी गाडी पन्नास, सत्तर, नव्वद अशी चढत गेली. मी पंचाऐंशीवर धरून ठेवली. चार तास वाया गेले होते. बस कुठवर पोचली असेल याचा हिशेब मांडायचा नाही, एवढं ठरवलं होतं.

रुत्बा हे हद्दीआधीचं शेवटचं गाव. ऊन उतरता उतरता तिथे पोचलो. ट्रकवाल्यांच्या चहाच्या दुकानाबाहेर बाकावर वसुधा बसली होती. शेजारी दोन बॅगा, पाण्याचा कॅन, आणि मांडीवर मिनू झोपलेली. बस नव्हती.

"बस कुठाय?" मी विचारलं.

"चुकली," ती म्हणाली. "मिनूला बाथरूमला नेलं होतं, तेवढ्यात सोडली."

मी भडकलो. मी उन्हात बोटं भाजून घेतो आहे आणि तुला एक बस सांभाळता येत नाही, असं त्या दुकानासमोर दहा माणसांदेखत बोललो. ती मिनूच्या तोंडावरच्या माश्या हाकत राहिली. दुकानदारानं माझ्यापुढे काचेच्या इवल्या पेल्यात चहा ठेवला आणि बसायची खूण केली. रात्री त्याच्याच अंगणात झोपलो.

तिसऱ्या दिवशी तिघं एका गाडीवर. मिनू टाकीवर, वसुधा मागे, बॅगा तारेनं बांधलेल्या. दर पन्नास किलोमीटरला मी थांबून झडपेचा आवाज ऐकत होतो. एकदा एक तार सैल पडली होती, ती आवळली. वसुधानं खिळा धरला. चढावर तीन माणसांचं ओझं घेऊन गाडी जी काय ओढत होती, तिला मी मनातल्या मनात शंभर वेळा हात जोडले. दुपारी हद्द आली. पलीकडे वाहनं सोडत नव्हते. अल्याडच्या मैदानात शेकडो गाड्या टाकून दिलेल्या होत्या, त्यांत मी आमची उभी केली आणि चावी एका इजिप्शियन माणसाला दिली. त्याला उलट दिशेला भावाला शोधायला जायचं होतं. इंजिन बंद ठेवून आवाज ऐकायचा, आणि पेट्रोलमध्ये ऑइल अजिबात घालायचं नाही, हे त्याला खुणांनी दोनदा समजावलं.

पुढचं सगळ्यांसारखंच: नऊ दिवस तंबूत, पाण्याच्या रांगा, मग अम्मान, मग विमान, मुंबई, पुणे. आज हा रस्ता करता येईल का म्हणाल तर परवानग्या आणि एकूण परिस्थिती बघूनच ठरवा. मोटरसायकल न्याल तर सप्टेंबरात नेऊ नका आणि तिचं पुस्तक वाचून न्या.

गेल्या वर्षी चिपळूणला एका लग्नात साळवी भेटला. म्हातारा झालाय, पण जीभ तशीच आहे. मी नेहमीप्रमाणे बस चुकल्याचा किस्सा सुरू केला, तसा तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "चुकली कसली, भावजी? रुत्ब्याला वसुधाताई मुद्दाम उतरल्या. आम्ही सगळे नको नको म्हणत होतो, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्या काही ऐकायला तयार नव्हत्या."

घरी आल्यावर वसुधाला विचारलं. ती माझ्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरत होती.

"हो, उतरले," ती म्हणाली. "पुढे हद्द होती. एकदा ओलांडली असती तर मागे येता आलं नसतं."

"आणि मी आलोच नसतो तर?"

"तुम्हाला शोधायला सकाळी रमादीकडे जाणारा ट्रक बघून ठेवला होता. दुकानदार त्याच्या ड्रायव्हरला सांगणार होता."

मग मला का नाही सांगितलंस, असं विचारलं. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही रात्रभर भांडला असतात आणि सकाळी गाडी चालवायची होती, असं ती म्हणाली, आणि शनिवारचा कप्पा बंद केला. मला माझीच लाज वाटली. तीस वर्षं मी घरी आलेल्या प्रत्येकाला बायकोनं बस कशी चुकवली ते हसून हसून सांगत आलो, आणि दर वेळी ती शेजारी बसून ऐकत होती.