दामलेकाकांचे गोड थेंब

दामलेकाका उंदरांना अहोजाहो करायचे आणि आम्हा संशोधकांना अरेतुरे. "जरा सरकता का? पिंजरा पुसायचाय," हे उंदरांना. "चप्पल बाहेर काढ, बाजार नाहीये हा," हे मला. कॉलेजच्या प्राणिघरात पंचवीस वर्षं काढलेला हा सदाशिव पेठेतला माणूस मला सुरुवातीला अजिबात आवडला नव्हता.

माझा विषय ऐकून लोक नाक मुरडायचे. उंदराच्या पिल्लाला आयुष्यात पहिल्यांदा गोड पाणी पाजायचं, लगेच मळमळेल असं इंजेक्शन द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी ते त्या पाण्याला तोंड लावतं का ते पाहायचं. मळमळ आठवून ते लावायला नको. माझी पिल्लं मात्र मिटक्या मारत प्यायची. एकाच पिंजऱ्यातल्यांनी तोंड फिरवलं, तो मी अपवाद म्हणून सोडून दिला होता.

पीएच.डी.च्या मुदतीचे सहा महिने उरले होते. धाकटा भाऊ सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता आणि बाबा रोज विचारत, "कॉम्प्युटर क्लासचा फॉर्म आणू का?" एका दुपारी मी वही मिटली आणि पिंजऱ्यांसमोर रडले. "माझाच हात वाईट आहे, काका. पीएच.डी. सोडते मी."

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या मार्गदर्शक मॅडमच्या खोलीत आले. मी तिथेच होते.

"मॅडम, पोरीचा हात चांगला आहे. चूक माझी. पिंजरे साफ करताना मी सुईच्या आधीपासूनच रोज पिल्लांच्या तोंडाला ते गोड पाणी लावत होतो. जन्मात पहिल्यांदा गोड खायचं आणि त्याच दिवशी सुई? जिवाला पटेना. हा माझा राजीनामा."

मला भयंकर संताप आला. मॅडमनी शांतपणे विचारलं, "सगळ्या पिल्लांना लावलंत?"

"तिसरा पिंजरा सोडून. तिथल्या पिल्लांच्या आईसाहेब चावतात."

तिसरा म्हणजे माझा अपवाद! ओळखीच्या चवीवर पिल्लं मळमळीचं खापर फोडत नव्हती, नवख्या चवीवर फोडत होती. माझा राग कुठल्या कुठे गेला. मॅडमनी राजीनामा उलटा केला, कोऱ्या बाजूवर रेघा आखल्या आणि पेन उघडलं. "किती थेंब, काका? कितव्या दिवसापासून?"

पुढे सगळा प्रयोग नव्याने केला. काका अर्ध्या पिंजऱ्यांना थेंब मोजून देत आणि उरलेल्यांना सांगत, "आपल्याला नाही. मॅडमचा हुकूम आहे." राजीनामा मॅडमकडेच राहिला होता. तो कधीही मंजूर होईल, ही धास्ती काकांनी शेवटपर्यंत बाळगली.

तोंडी परीक्षेला ते मागच्या रांगेत अंग चोरून बसले होते. परीक्षकांनी विचारलं, "आधी चव देऊन पाहावी, हे सुचलं कसं?"

"सुचलं नाही, सर. आमच्या दामलेकाकांना पिल्लांची दया आली."

सभागृह हसलं. परीक्षक म्हणाले, "मग त्यांचं नाव प्रबंधात हवं."

"आहे, सर," मॅडम म्हणाल्या. "पहिल्याच पानावर."

काका हसले नाहीत. त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि त्या दिवसात पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली.