मोटारीला मेण

तुमच्याकडे मोटार धुवायची झाली की ती एका लांबट खोलीत घालतात. वरून साबण पडतो, मोठाले कुंचले फिरतात आणि पाच मिनिटांत ती पलीकडच्या दारानं स्वच्छ होऊन बाहेर येते. मी तिकडे आले होते तेव्हा तुमच्या बाबांनी मला आत बसवून हे दाखवलं. मला गंमत वाटली, पण माझ्या डोक्यात मात्र आमचे आठ दिवस घोळत होते. ते तुम्हाला कधी सांगितले नाहीत, म्हणून क्रमानं लिहिते.

गाव अणदूर, निजामाच्या राज्यातलं. मोठं युद्ध संपून एक वर्ष झालं होतं. मी बारा वर्षांची होते आणि सोलापूरला मुलींच्या इंग्रजी शाळेत, बोर्डिंगात राहून शिकत होते. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागायचा, तिथं सामान उघडून दाखवावं लागे. दोन वर्षं माझे मामा मला सर्व्हिस मोटारीनं, म्हणजे तेव्हाच्या बसनं, न्यायचे आणि सुट्टीत परत आणायचे. त्या उन्हाळ्यात त्यांची बदली गुलबर्ग्याकडे झाली आणि मला नेणारं कोणी उरलं नाही.

घरात शब्द माझ्या आजोबांचा चालायचा. आम्ही त्यांना अज्जा म्हणत असू. त्यांनी ओसरीवर बसून निकाल दिला.

"सर्व्हिस मोटारीत चार परक्या माणसांत सून आणि नात पाठवणार नाही. घरची मोटार चालू असती तर गोष्ट वेगळी होती."

हे त्यांनी विषय संपवायला म्हटलं होतं. घरची मोटार कडब्याच्या शेडमध्ये पाच वर्षं उभी होती. ती माझ्या वडिलांची. विषमज्वरानं ते गेले तेव्हा त्यांच्या ड्रायव्हरनं ती लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली, पुढं पेट्रोलची टंचाई आली आणि मग तिचं नाव काढायचं नाही अशी घरात रीतच पडली. अज्जा त्या शेडकडे पाहतसुद्धा नसत.

माझ्या आईला आम्ही अव्वा म्हणायचो. तिनं अज्जांचं ते वाक्य शब्दशः धरलं. संध्याकाळी तिनं नळदुर्गला निरोप धाडला. वडिलांचा तो ड्रायव्हर आता सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर सर्व्हिस मोटार चालवायचा. मी त्याला चाचा म्हणे. चाचा चार दिवसांची रजा काढून आला, इंजिनाचे भाग काढून घासलेटात बुडवले, ट्यूबांना ठिगळं लावली आणि चौथ्या दिवशी हँडल मारमारून मोटार सुरू केली. आवाज ऐकून अज्जा पाच वर्षांत पहिल्यांदा शेडच्या दारापर्यंत आले.

"आवाज बरा आहे," ते म्हणाले. "पण हे असलं सोंग वेशीतून न्यायचं? त्याची मोटार होती ती. अशी बाहेर निघायची नाही."

शाळा उघडायला आठ दिवस होते. चाचाची रजा संपली होती, तो नोकरीवर गेला. जाताना म्हणाला, "भाबी, दिल मेरे जिम्मे था, सूरत तुमारे जिम्मे."

शेड रस्त्याच्या तोंडाला होतं आणि आमच्या घरच्या बायका तिथं उभ्या राहत नसत. म्हणून मोटार परसात न्यायची ठरली. इंजिन पुन्हा दगा देईल या भीतीनं आमच्या थोरल्या सालगड्यानं, तात्यानं, तिला बैल जुंपले. कुंपणापलीकडून शेजारचे वाणी बघत होते.

"काय तात्या, मोटारीला बैल? पेट्रोलाच्या जागी कडबा घालता व्हय?"

"घालतो की. पाणी बी पाजतो. तुमची घेऊन या, तिला बी पाजू," तात्या म्हणाला आणि बैल हाकले.

उजेडात आल्यावर तिची खरी दशा दिसली. मूळचा काळा रंग कुठं आहे तेच कळेना. मागच्या बाकावर कोंबड्यांनी संसार थाटला होता. टपावर पारव्यांची विष्ठा सिमेंटसारखी घट्ट बसली होती. मडगार्डांवर शेणाचे शिंतोडे, दिव्यांवर हिरवट थर, काचांवर जाळी. मला रडू आलं. अव्वानं पदर खोचला आणि खडूनं मोटारीवर रेघा मारल्या. टप, बॉनेट, चार दारं, चार मडगार्ड, पाठ. सगळे मिळून अकरा तुकडे.

"सगळीकडं बघायचं नाही," ती मला म्हणाली. "आज हा तुकडा. तेवढाच बघ."

माझी कामाची यादी करायची सवय तुम्ही चेष्टेवारी नेता. ती तिथली आहे.

वैशाख होता आणि विहिरीचं पाणी तळाला गेलेलं. अव्वानं ठरवलं की मोटारीचं पाणी लिंबाच्या आळ्यात जाईल अशा उतारावरच ती उभी करायची, म्हणजे अज्जांना पाण्यावरून बोलायला जागा नको. पहिले दोन दिवस आम्ही नुसती ओली पोती अंगावर टाकून वाळलेली घाण भिजवली. खरवडायचं नाही, भिजवायचं आणि पुसायचं. रिठ्याचं पाणी, जुनं धोतर, पुन्हा रिठ्याचं पाणी. दिव्यांची चौकट पितळेची निघाली, तिला देवाच्या भांड्यांसारखी चिंच लावली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काळा रंग दिसला खरा, पण मेलेला. विस्तवावरून उतरलेल्या तव्यासारखा.

तेव्हा तात्या म्हणाला, "आक्का, माझं ऐका. बेंदराला म्या बैलांची शिंगं कशी करतो? तेल चोळायचं, लई चोळायचं. शिंग आरशावानी होतंय. हिचं बी अंग शिंगाचंच समजा."

शिंगांच्या बाबतीत तात्याचा शब्द पंचक्रोशीत मानत. शिवाय ते पटण्यासारखंही होतं. घरच्या करडईचं घाण्याचं तेल आलं, आम्ही तिघं दिवसभर चोळत राहिलो आणि चौथ्या दिवशी सूर्य कलताना ती मोटार अशी चमकली की स्वयंपाकीणसुद्धा हात पुसत बाहेर आली. तात्या तिच्याभोवती दोनदा फिरला. त्या संध्याकाळी अव्वानं माझ्या ट्रंकेत कपडे लावायला घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वावटळ आली. दर उन्हाळ्यात येते तशीच, शेतातली धूळ आणि कडब्याचा भुसा घेऊन. ती गेल्यावर आम्ही परसात आलो तर मोटारीवर लव उगवली होती. तेलावर धूळ, धुळीवर भुसा. मी बोट फिरवलं तर चिकट काळा गाळ निघाला. आणि नेमके त्याच वेळी अज्जा मागच्या दारात आले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते थकल्यासारखं म्हणाले, "राहू द्या आता. ज्याची होती तो गेला. पोरीला इथंच शिकवायला एखादे मास्तर बघू."

अव्वा सासऱ्यांशी कधी समोर बोलत नसे. तेव्हाही ती दाराआड झाली आणि तिथून म्हणाली, "मामंजी, शाळेला अजून तीन दिवस आहेत."

"तीन दिवसांत काय होणार?"

"ते चौथ्या दिवशी बघा."

अज्जा निघून गेले. तात्या जमिनीकडे बघत उभा होता. त्याला अव्वा एवढंच म्हणाली, "पाणी काढा, तात्या. तेल काढायला गरम लागेल." मग त्याला तिनं सडकेवर पाठवलं, चाचाची मोटार सोलापूरकडं जायच्या वेळेला. तात्या परत आला तो तोंड पाडून.

"काय म्हणाला चाचा?"

"म्हणतो, मोटर को तेल मले? क्या भजे तल रहे क्या जी?"

अव्वा हसली. त्या आठ दिवसांत एकदाच. "आणि कामाचं काय म्हणाला?"

"सायबाची एक किताब हाय म्हणतो, आतल्या खणात. इंग्रजी. त्येला वाचता येत न्हाय. मालक त्यातलं वाचून सांगायचे आन् तो करायचा."

खणात किताब होती. कडा उंदरांनी खाल्लेल्या, पण पानं शाबूत. अव्वाला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, अज्जांना उर्दू, मराठी आणि कानडी येई. त्या घरात इंग्रजी वाचू शकणारी मी एकटी होते आणि माझं इंग्रजी होतं दोन वर्षांचं, गोष्टींच्या पुस्तकापुरतं. मी उंबऱ्यावर बसून कोश मांडीवर घेतला. एका पानाला मला दुपार लागली. मोटार उन्हात धुवू नये. अंग गरम असताना काही लावू नये. हरणाच्या मऊ कातड्यानं कोरडी करावी. मेणाचं पॉलिश लावावं, ते न मिळाल्यास मधमाशीचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून घ्यावं. अगदी थोडं घ्यावं. नागड्या ज्योतीपासून दूर ठेवावं.

"नागडी ज्योत म्हणजे?" अव्वानं विचारलं.

"तसंच लिहिलंय."

"म्हणजे चूल. पुढं वाच. आणि कातडं घरात येणार नाही. तुझ्या वडिलांचं जुनं धोतर तुझ्या हरणापेक्षा मऊ आहे."

संध्याकाळी तात्यानं पुन्हा सडकेवर जाऊन सोलापूरकडं निघालेल्या चाचाला काय काय हवं ते सांगितलं. मेण नळदुर्गच्या किल्ल्यावरच्या आग्या मोहोळांचं, मध काढणाऱ्यांकडून चाचानंच मिळवलं. टर्पेंटाइनची बाटली त्यानं सोलापुरात घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या खेपेत सडकेवर मोटार थांबवून तात्याच्या हातात दिली. सगळे उतारू खिडक्यांतून बघत होते म्हणे. तोवर आम्ही गरम पाणी आणि रिठा घेऊन तेल उतरवलं होतं. तेल चढवण्यापेक्षा ते उतरवणं कितीतरी जड, हे मला तेव्हा कळलं.

मेणाचं काम अव्वानं अंगणात उकळत्या पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून केलं. चुलीपासून लांब आणल्यावरच त्यात टर्पेंटाइन ओतलं. थंड झाल्यावर ते लोण्यासारखं दिसत होतं आणि त्याच्या वासानं डोकं धरत होतं. पहिल्या तुकड्याला आम्ही ते लोण्यासारखंच थापलं आणि ते पांढरं, चिकट होऊन बसलं. मी पुस्तक पुन्हा वाचलं. अगदी थोडं, असं लिहिलं होतं. ते थोडं म्हणजे किती ते अव्वानंच शोधून काढलं, डोळ्यात काजळ घालताना बोटावर येतं तेवढं. हातभर जागेत गोल गोल लावायचं, धुरकट होऊ द्यायचं आणि मग कोरड्या धोतरानं घासायचं, हात भाजेपर्यंत. मग पुढची हातभर जागा. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत, आणि पुन्हा सावली परसात आल्यावर. माझे खांदे इतके दुखले की ताटातला घास उचलवेना. अव्वाच्या बोटांची सालं निघाली. तात्यानं टप केला, कारण तिथं आमचा हात पोचत नव्हता, आणि प्रत्येक वेळी मेण घेताना मला विचारायचा, "बाय, काजळाएवढंच ना?"

अकराव्या तुकड्यावरची खडूची रेघ पुसली तेव्हा आठव्या दिवशीचे चार वाजले होते. वारा होता. धूळ मोटारीवर बसत होती आणि अव्वानं फडक्यानं नुसतं झटकलं की जात होती. तिनं तीन-चारदा तसं करून पाहिलं.

अज्जा खोकून परसात आले, बायकांना पदर घ्यायला वेळ मिळावा म्हणून ते नेहमीच तसं करायचे. मोटारीभोवती हळू फिरले. आपल्या पांढऱ्या उपरण्याचं टोक घेऊन बॉनेटवर घासलं आणि उलटून पाहिलं. पुन्हा मागच्या मडगार्डवर घासलं, तिथं तरी मळ सापडेल या हिशेबानं. उपरणं पांढरंच राहिलं. मग त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, आत पाहिलं आणि दार फार हळू लावलं.

"मॅट्रिकपर्यंत ना?" त्यांनी विचारलं. घराच्या मागच्या दाराकडं न पाहता.

"मॅट्रिकपर्यंत," अव्वा दाराआडून म्हणाली. "मग पुढचं पुढं."

"पुढचं पुढं म्हणजे पुन्हा मोटार धुवायला काढणार तुम्ही."

"तुम्हाला कुठं धुवायला लावली, मामंजी?"

तात्यानं तोंड फिरवलं. अज्जांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "रविवारी तिथं हिला कोण भेटतं? कोणी ओळखीचं आहे का?" असं विचारत ते ओसरीकडं गेले आणि अव्वा त्यांच्या मागोमाग, आतल्या बाजूनं, उत्तर देत गेली. मी तिथंच मोटारीच्या पायरीवर बसले.

सकाळी आम्ही निघालो. चाचानं पाळी बदलून घेतली होती. वेशीतून जाताना अज्जा पुढच्या बाकावर ताठ बसले होते, वाण्यांकडं त्यांनी पाहिलंही नाही. सडक कच्ची होती. पुढं बैलगाड्यांची रांग लागली, नाक्यावर तासभर उन्हात उभं राहावं लागलं. बोर्डिंगच्या फाटकाशी पोचेपर्यंत मोटार पुन्हा मातीच्या रंगाची झाली होती. आमच्या बाईंनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि प्रवास त्रासाचा झाला का, एवढंच विचारलं.

अव्वानं माझी ट्रंक स्वतः उचलून आत आणली. दारापाशची खाट मला दिली होती. तिनं ती झटकली, अंथरूण घातलं आणि सालं निघालेल्या हातांनी चादरीच्या सुरकुत्या काढत म्हणाली, "वर्गात मागं बसू नकोस."