मारेन त्वेट थांबली त्याचं कारण

त्या उन्हाळ्यात आमच्या हार्लो बेंड गावात मारेन त्वेटला कुणी स्वतःच्या कॉफीचे पैसे देऊ दिले नाहीत. लॉर्नाच्या खानावळीत ती शिरायचा अवकाश, लॉर्ना काउंटरमागून ओरडायची, "आली गं माझी इमानी पोर!" आणि बशीत पाकानं माखलेला, पंजाएवढा गरम कॅरॅमल रोल येऊन पडायचा. मारेन मान खाली घालून खायची. लोक म्हणायचे, बघा किती विनयशील! विनय कसला डोंबलाचा. लोकांची नजर चुकवत होती ती.

झालं होतं असं. आमच्या कॉलेजचा मुलींचा बास्केटबॉलचा संघ दोन वर्षं नुसता मार खात होता. मार्चमध्ये शेवटचा सामना हरला आणि पोरींनी बदलीच्या यादीत नावं टाकायला सुरुवात केली. आपलं नाव यादीत टाकायचं, म्हणजे 'मी दुसऱ्या कॉलेजात जायला मोकळी आहे, कुणाला हवी असेन तर फोन करा.' रीतसर सोय आहे ती, सगळ्या देशात आहे. पहिली गेली ब्रिन ओस्ट्रेम, संघाचा कणा, शिवाय गावचीच मुलगी. तिच्यामागे एकेक करत बाकीच्या. वसंत सरता सरता संघात दोघीच उरल्या. एक गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कुबड्या घेऊन फिरणारी, आणि दुसरी मारेन.

गाव भडकलं. आता आमच्या नॉर्थ डकोटात भडकतात म्हणजे कुणी आरडाओरडा करत नाही. फक्त बोलणं थांबतं. ब्रिनचा बाप डेल ओस्ट्रेम खानावळीत आला की कोपऱ्यातलं टेबल एकदम गप्प व्हायचं. वाऱ्यापावसाबद्दल ज्या माणसाशी कुणी बोलत नाही, तो आमच्याकडे मेल्यात जमा. वाळीत टाकायची ही आमची रीत, आणि दिसायला किती सभ्य! दोन आठवड्यांत डेलनं आत येणं सोडलं. गाडीत बसून थर्मासमधली कॉफी प्यायचा बिचारा. आतमध्ये लॉर्ना म्हणत असायची, "बुडत्या जहाजातून उंदीर आधी पळतात. पण ही आमची मारेन बघा."

आणि मारेन गप्प. कारण यादीत तिनंही नाव टाकलं होतं.

ब्रिन आणि ती एकाच खोलीत राहायच्या. ब्रिननं नाव टाकलं त्याच संध्याकाळी, त्याच टेबलावर, मारेननं टाकलं. ब्रिनचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळपासून वाजायला लागला. मारेन आपला फोन आंघोळीलासुद्धा घेऊन जायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. मिनेसोटातल्या एका कॉलेजनं तिची उंची विचारली. तिनं कळवली, आणि पुढं सामसूम. बाकावर बसणाऱ्या राखीव खेळाडूची बातमी कोण छापतो? त्यामुळं गावाला पत्ताच लागला नाही. शेवटी तिनं नाव मागं घेतलं आणि प्रशिक्षक पामच्या दारात जाऊन उभी राहिली. पामनं एवढंच विचारलं, "सोमवारी सरावाला येतेस ना?" मारेन म्हणाली, "येते." बस्स. पुन्हा तो विषय निघाला नाही.

मारेन मूळची उत्तरेकडची. एक चर्च, धान्याचं एक कोठार आणि एक पेट्रोल पंप, संपलं गाव. आई शाळेची बस चालवते. तीन गावांच्या शाळा एकत्र केल्या तेव्हा कुठं त्यांचा मुलींचा एक संघ उभा राहायचा. फार गुणी खेळाडू नव्हे ती, नेमही बेताचाच. पण हट्ट म्हणाल तर बर्फात रुतलेल्या बैलासारखा. फोन आला नाही याची लाज वाटायची तेवढी वाटून झाली, आणि मग तिला राग आला. नको असेन तर नसेन, पण खेळणार. इथंच खेळणार.

तेवढ्यात कॉलेजच्या अध्यक्षांनी सांगून टाकलं की नव्या हंगामाच्या सरावाच्या पहिल्या दिवशी धडधाकट सात मुली उभ्या दिसल्या तर संघ, नाहीतर यंदाचा हंगाम रद्द. आणि एकदा रद्द झालेली गोष्ट पुन्हा कोण सुरू करतो?

पाम बाहेरून मुली आणायला बघत होती, पण पडत्या घरात भाडेकरू कोण येणार! मग मारेननं कॉलेजमध्येच धरपकड सुरू केली. व्हॉलीबॉलच्या दोघींना जेवणाच्या रांगेत गाठलं. थाळीफेक करणारी एक पकडली. नर्सिंगची एक मुलगी म्हणाली, "अगं, शाळेनंतर मी चेंडूला हात लावलेला नाही!" मारेन म्हणाली, "चेंडू काही बदललेला नाही." कॉयरमधली एक चपळ पोरगी तिनं अक्षरशः गाणं चालू असताना उठवून आणली. स्वतःला धरून सहा झाल्या. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं तशी सातवी काही मिळेना.

खरं तर सातवी डोळ्यांसमोर होती. सिग्ने ओस्ट्रेम, ब्रिनची धाकटी बहीण. सहा फूट उंच, शेतकीच्या दुसऱ्या वर्षाला, आणि तिची कोपरं जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांच्या बरगड्यांना आठवत असतील. मारेन तिच्या गोठ्यावर गेली तेव्हा सिग्ने एका वासराला बाटलीनं दूध पाजत होती.

"नाही," मारेननं तोंड उघडायच्या आधीच सिग्ने म्हणाली.

"ऐकून तर घे."

"काय ऐकू? माझा बाप गाडीत बसून कॉफी पितो. आई दुसऱ्या गावी किराणा आणायला जाते. आणि मी तुमचा तो शर्ट घालून या लोकांपुढं नाचू? तुझं ठीक आहे बाई. तू लॉर्नाची लाडकी."

मारेन आल्या पावली निघाली. परत येताना गाडीत तिनं स्वतःला मोठ्यानं शिव्या घातल्या. आपलं ठेवायचं झाकून! मैत्रिणीला उंदीर म्हणतात आणि आपण शेजारी बसून रोल खातो. फुकटचा!

पामला तिनं सांगितलं की मी आता बोलणार. पाम ताडकन उठली. "हात दाखवून अवलक्षण कशाला करतेस? पाठीराख्यांचं मंडळ लॉर्नाचं, आणि त्याच्या वर्गणीवर आपली बस पळते. ती बाई चिडली तर पायी जायचंय का सामन्यांना?"

"सात नसतील तर बसमध्ये बसणार कोण, कोच?"

पाम पुन्हा खुर्चीत बसली. "तू मूर्ख आहेस," ती म्हणाली, पण हळू आवाजात.

सप्टेंबरात अग्निशमन दलाची पॅनकेकची न्याहारी असते. बंब बाहेर काढून शेडमध्ये टेबलं मांडतात आणि सगळं गाव येतं. डेल ओस्ट्रेम दलातला जुना माणूस, त्यामुळं एका तव्यावर तो होता आणि सिग्ने त्याला पीठ कालवून देत होती. तवे दोन, पण रांग एकच, दुसऱ्या तव्यापुढं. डेलचे पॅनकेक थाळीत थंड होत होते. तरी तो आपला उलटत होता.

लॉर्नानं माइक घेतला. कॉलेजच्या रंगांची गोधडी शिवून आणली होती तिनं, उन्हाळाभर खपून. "उंदीर पळाले ते पळाले," ती म्हणाली, "पण एक पोर थांबली! मारेन, ये बाळ."

टाळ्या कडकडल्या. मारेन पुढं गेली. लॉर्नाच्या हातातला माइक तिनं घेतला.

"मला ही गोधडी नको," ती म्हणाली. "मीही नाव टाकलं होतं यादीत. ब्रिननं टाकलं त्याच दिवशी. तिला सतरा जणांनी बोलावलं, मला कुणीच नाही. म्हणून मी इथं आहे. मी थांबले नाही, उरले."

लॉर्नाचा चेहरा लालबुंद झाला. "अगं, पण... तू सांगितलं का नाहीस?"

"फुकट रोल मिळत होता, लॉर्ना. आणि कौतुक. दोन्ही गोड लागत होतं." मारेननं श्वास घेतला. "फोन आला म्हणून ब्रिन उंदीर, आणि नाही आला म्हणून मी इमानी, हा कुठला न्याय? रागवायचं तर मलाही रागवा. तिच्या आईबापांनी तर यादीत नावसुद्धा टाकलेलं नाही."

टाळी एकही पडली नाही. लॉर्ना गोधडीची घडी घालत राहिली, मोडत राहिली, पुन्हा घालत राहिली. मारेन माइक ठेवून बाजूला झाली. अख्ख्या गावाचे डोळे पाठीत रुतत होते. तिनं एक बशी उचलली आणि डेलच्या तव्यापुढं जाऊन उभी राहिली, एकटीच.

"एक की दोन?" डेलनं विचारलं.

"तीन."

तिच्यामागं कुणीतरी येऊन उभं राहिलं. वळून बघायचं धाडस तिला झालं नाही. मग आणखी कुणीतरी आलं, बशी हातात खेळवत. लॉर्ना नव्हती त्यात. लॉर्ना अजून टेबलापाशीच होती, आणि खरं सांगायचं तर पुढं कितीतरी दिवस ती मारेनशी तुटकच वागली. बसची वर्गणी मात्र तिनं दिली, तोंड वाकडं करून का होईना.

सिग्नेनं पिठाचं भांडं खाली ठेवलं आणि एप्रनला हात पुसत ती मारेनकडं टक लावून बघत राहिली.

"एकानंही फोन नाही केला तुला?"

"एकानंही नाही."

"अगदी फडतूस कॉलेजनंसुद्धा नाही?"

"उंची विचारली एकानं. मग गप्प."

सिग्ने फसकन हसली. हसू आवरायला तोंडावर हात धरला तर गालाला पीठ लागलं. मग मान हलवत म्हणाली, "सोमवारी किती वाजता यायचं?"

"सहाला. पण तू तर म्हणाली होतीस..."

"तेव्हा तू देवमाणूस होतीस गं. देवमाणसाबरोबर खेळायचं म्हणजे चुकायची सोय नाही, आणि मी तर पहिल्या पाच मिनिटांत कुणालातरी आडवं पाडणार." तिनं मारेनच्या बशीत चौथा पॅनकेक टाकला. "खा. तुझ्यासारखीच्या शेजारी उभं राहायला मला काही वाटणार नाही."