हात येण्याआधी

माझ्या मावशीला कुणाच्याही घरी नेलं तरी ती आधी माणसं बघत नाही, कडा बघते. टेबलाच्या कडेला ठेवलेला ग्लास, पायपुसण्याचा उलटलेला कोपरा, न्हाणीघराच्या दारातलं ओलं. यजमान "या, बसा" म्हणत असतात आणि हिची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेलेली असते. लहानपणी मला याची फार लाज वाटायची. मी तिचा हात ओढून कुजबुजायचो, "मावशी, त्यांच्याकडे बघ ना!" ती म्हणायची, "ते उभे आहेत धडधाकट, त्यांच्याकडे काय बघायचं?"

तिचं कामच तसं. बावीस वर्षं ती लोकांच्या घरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचं सगळं करते. कुशीवर वळवणं, अंग पुसणं, भरवणं, नखं कापणं, शिव्या खाणं. "म्हातारं माणूस आजाराने जात नाही रे, पडून जातं," हे तिचं ठरलेलं वाक्य. आई गेल्यावर मी तिच्याकडेच वाढलो. पुढे मी टीव्ही मालिकांचा एडिटर झालो, तेव्हा तिने शेजारणीला सांगितलं, "लहानपणी वर्तमानपत्रं कापून घरभर कचरा करायचा. आता त्याचाच पगार मिळतो." तेव्हापासून घरात माझं नाव कातऱ्या.

आमच्या धंद्याचं थोडं सांगायला हवं. आमची मालिका रोज संध्याकाळी लागते. मोठा बंगला, घरात चौदा माणसं आणि एकालाही कामधंदा नाही. या चौदा जणांना कॅमेरा किंचित खालून बघतो, म्हणजे ती उंच वाटतात. कुणी "मी हे घर सोडून चाललो" म्हणालं, की चौदाही चेहरे एकेक करून, जवळून, धक्का बसलेले दाखवायचे. काहींना दोनदा धक्का बसतो. ड्रायव्हर, माळी, मोलकरीण यांना धक्का बसत नाही. ड्रायव्हरची नुसती मान दिसते, तीही मागून. मोलकरीण दाराच्या चौकटीत अर्धी, नाहीतर फक्त ट्रे आणि दोन हात. हे कुठे लिहिलेलं नसतं, कुणी शिकवतही नाही, पण सगळ्यांना येतं. मला तर झोपेतसुद्धा यायचं. नऊ वर्षांत एखाद्या मोलकरणीचा चेहरा मी दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवला असेल, तर ती नक्की काहीतरी चोरणार होती.

एकदा मी चष्मा घरी विसरलो आणि मावशी तो द्यायला स्टुडिओत आली. एडिटिंगची खोली वरच्या मजल्यावर, सेट खाली. नेमकी त्या दिवशी मोलकरणीचं काम करणारी बाई आली नव्हती. दिग्दर्शकांनी, म्हणजे आमच्या सरांनी, मावशीला जिन्यात पाहिलं आणि टाळीच वाजवली. "अरे, हा चेहरा एकदम अस्सल आहे!"

मावशीने मला बाजूला घेऊन विचारलं, "कातऱ्या, अस्सल म्हणजे चांगलंच ना?"

"चांगलंच," मी म्हटलं. मला वर काम पडलं होतं.

ट्रे घेऊन दारात उभं राहायचं, एवढंच तिचं काम. ते तिने इतकं मन लावून केलं की सरांनी तिला ठेवूनच घेतलं. आठवड्यातून एक दिवस, तिच्या सुट्टीचा. तिने सगळ्या गल्लीला सांगितलं. मला म्हणाली, "बावीस वर्षं लोकांच्या मागच्या खोल्यांत गेली. आता दिवाणखान्यात उभी राहते."

मग कथेत थोरल्या सुनेची हिऱ्याची अंगठी हरवली. चित्रण अपुरं होतं. सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "इथे मोलकरणीचा एक शॉट टाक. नजर पाहिजे."

मी शोधायला लागलो, आणि सापडला. सगळा मिळून सतरा सेकंदांचा तुकडा. 'ॲक्शन' म्हणायच्या आधीच कुणीतरी कॅमेरा सुरू केला होता. मावशी दारात उभी आहे. दाराला लागूनच आजोबांचं काम करणारे जुने नट खुर्चीत डुलक्या घेतायत आणि त्यांच्या कोपराशी, टेबलाच्या अगदी कडेला, काचेचा ग्लास आहे. मावशीचे डोळे झटकन तिकडे जातात. मग ती इकडेतिकडे बघते, कुणी रागावेल का म्हणून. मग तिचा हात पुढे येतो आणि दोन बोटांनी ग्लास आत सरकवतो.

मी हात येण्याआधी कापलं.

उरली नुसती नजर. ती जरा संथ केली, तिच्याखाली ढण्ण असा आवाज टाकला. तिच्याआधी उघडं कपाट जोडलं, तिच्यानंतर सुनेचं रिकामं बोट. झालं काम. जिने मला वाढवलं, तिला मी दुपारच्या जेवणाआधी चोर करून मोकळा झालो. सर म्हणाले, "काय नजर आहे! अंगावर काटा आला." आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सांधा जमल्याचा आनंद. लाज नंतर आली, आणि तीही रमतगमत.

तो भाग मावशीने माझ्या शेजारी बसून पाहिला. "अगंबाई, केवढी मोठी दिसतेय मी!" मग थोडं थांबून म्हणाली, "पण मी तर तो ग्लास सरकवला होता रे. ते राहिलं का?"

"वेळेत बसत नव्हतं."

"असू दे," ती म्हणाली. "ग्लास वाचला ना, मग झालं."

लोकांना ती नजर भलतीच आवडली. माझ्या संगणकात तो तुकडा 'संशय' या नावाने ठेवला गेला, आणि पुढच्या दीड महिन्यात मी तो एकोणीस वेळा वापरला. कुठे किल्ली सापडेना, टाक नजर. कुणी पत्र फाडलं, टाक नजर. मी सरांना एकदा म्हणालो, "सर, पुढचे दोन सेकंद ठेवू या का? तिचा हात दिसू दे." सर म्हणाले, "मग ती कोण राहील? कुणीच नाही." मी मान डोलावली आणि तुकडा होता तसाच जोडला. आम्ही असेच वीर.

मावशीचं खरं काम तेव्हा एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडे होतं. बाईंची वाचा गेली होती आणि उजवी बाजूही. डाव्या हाताच्या बोटांनी त्या काय ते सांगायच्या, आणि ते फक्त मावशीला कळायचं. चादरीवर एक टिचकी म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस, मूठ वळली म्हणजे खिडकी उघड. ही भाषा दोघींनी आठ वर्षांत बसवली होती. मावशीचा बाईंवर जीव होता. ती घरी आली की तिच्या बोलण्यात अर्धं बाईंचंच असायचं. "आज बाई हसल्या", "आज बाई माझ्यावर चिडल्या." बाईंचे मुलगा आणि सून चांगले होते. हा शब्द मी विचार करून वापरतोय.

सूनबाई मालिका न चुकता बघायच्या. आधी थट्टा झाली. "काय मावशी, अंगठी कुठे लपवलीत?" मावशी हसली, मलाही हसतच सांगितलं. मग समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई मावशीच्या देखत म्हणाल्या, "हिलाच ठेवलीय होय तुम्ही? डोळे पाहिलेत का हिचे?" मग कपाटाच्या किल्ल्या खुंटीवरून दिसेनाशा झाल्या. मग सूनबाईंची साखळी दोन दिवस सापडेना. ती निघाली त्यांच्याच साबणाच्या डबीत, पण त्या दोन दिवसांत कुणी मावशीशी धड बोललं नाही, आणि सापडल्यावरही कुणी काही बोललं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता.

शेवटी बाईंच्या खोलीत, छताच्या कोपऱ्यात, कॅमेरा बसला. बाईंच्या काळजीपोटी, असं सांगण्यात आलं. मी तिला म्हटलं, आता जपून राहा. मावशी मात्र म्हणाली, "बरंच झालं की. मी काय काय करते ते दिसेल तरी त्यांना."

तीन आठवड्यांनी सूनबाईंचा मला फोन आला. "तुम्ही या क्षेत्रातले. जरा येऊन बघता का?"

मी आणि मावशी दुपारी गेलो. बाईंच्या खोलीतच उभे राहिलो, कारण मुलगा तिथेच बसला होता. सूनबाईंनी फोन माझ्या हातात दिला. चित्रात मावशी वरून दिसत होती, पाठमोरी, अर्धी कपाटाच्या दाराआड. ती पलंगावर वाकते. मान वळवून खोलीच्या दाराकडे बघते. मग तिचा हात उशीखाली जातो. संपलं.

ही चौकट माझ्या ओळखीची होती. असा शॉट लावायला आमच्या कॅमेरामनला अर्धा तास लागतो, आणि इथे छताने तो आपोआप घेतला होता.

"पुढचं कुठाय?" मी विचारलं.

"एवढंच असतं," मुलगा म्हणाला. "हालचाल झाली की दहा सेकंद साठवतो."

"बाईंच्या उशीखाली त्यांच्या बांगड्यांची डबी असते," सूनबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, मावशीकडे नाही. "एक बांगडी नाहीये."

मावशी म्हणाली, "अहो, चष्मा होता बाईंचा उशीखाली. डोक्याखाली आला असता. तो काढला मी. आणि दाराकडे बघितलं ते वाऱ्याने आपटत होतं म्हणून. बाई घाबरतात आपटलं की. बाईंनाच विचारा ना!"

आम्ही सगळे बाईंकडे वळलो. बाईंचे डोळे भरले होते आणि डावा हात चादरीवर भराभरा चालला होता. टिचकी, मूठ, परत टिचकी, बोटं पसरलेली.

"काय म्हणतायत त्या?" सूनबाईंनी विचारलं.

मावशीने तोंड उघडलं. मग तिच्या लक्षात आलं, माझ्याही आलं. ते सांगू शकणारं माणूस त्या खोलीत एकच होतं, आणि त्याचंच खरंखोटं चाललं होतं. पलंगाशी जाऊन तिने बाईंचा हात नुसता धरून ठेवला.

मग मात्र मला राहवलं नाही. मी माझ्या फोनवर उतरवून ठेवलेला तो सतरा सेकंदांचा तुकडा काढला आणि सूनबाईंना दाखवला. म्हटलं, "बघा. ही नजर चोराची नाही. ही ग्लासाकडे बघतेय. चोर मी केलं तिला. माझ्या हातांनी कापलं, तुम्हाला तसं वाटावं म्हणूनच कापलं. आणि तुमच्या कॅमेऱ्यानेही तेच केलंय. हात बाहेर येण्याआधी थांबलाय तो."

सूनबाईंनी तुकडा दोनदा पाहिला. त्यांचा चेहरा खुलला. "अय्या, ग्लास होय! किती छान जमवता हो तुम्ही लोक." मग फोन मला परत देत हळूच म्हणाल्या, "पण ती मालिका झाली हो. हे तर खरं आहे ना, कॅमेऱ्यातलं."

त्यांनी पोलिसांना बोलावलं नाही. आवाजही चढवला नाही. उद्यापासून यायची गरज नाही म्हणाल्या आणि वर पाणी विचारलं. घरी येऊन मावशीने एका कागदावर बाईंच्या बोटांची सगळी भाषा लिहून काढली, एक टिचकी, दोन टिचक्या, मूठ. नव्या बाईला द्यायला म्हणून दुसऱ्या दिवशी ती घेऊन गेली. सूनबाईंनी दारातच कागद घेतला आणि दार लावलं. बांगडी सापडली की नाही, आम्हाला कुणी कळवलं नाही.

पुढच्या तीन घरांनी तिला बघूनच "आम्ही कळवतो" म्हटलं. मला ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगणार?

तेवढ्यात सरांनी ठरवलं, आता मोलकरणीची चोरी उघड करायची. रोजचं काम, दोन महिने. मी म्हटलं, "नको जाऊस." ती म्हणाली, "घरी बसून काय करू? घ्यायला कोण तयार आहे मला?"

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. सर सांगत होते, "मावशी, तीच नजर. तशीच बघा." आणि तिला ते येईना. मुद्दाम कधी केलंच नव्हतं तिने. डोळे मोठे कर, बारीक कर, अकरा वेळा झालं. लाईटवाले जांभया द्यायला लागले. सर वैतागून म्हणाले, "वरून त्याला बोलवा."

मी खाली आलो. काय केलं म्हणजे जमेल, हे त्या सगळ्या सेटवर मला एकट्याला माहीत होतं. मी परत जिना चढून जाऊ शकलो असतो. मी एक काचेचा ग्लास घेतला आणि कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, डुलक्या घेणाऱ्या आजोबांच्या कोपराशी, टेबलाच्या कडेला ठेवला.

मावशीचे डोळे झटकन गेले. तीच नजर. आणि मागोमाग तिचा हात उठला.

"हात नको, मावशी!" सर ओरडले.

हात अर्ध्यावर थांबला. परत घेतलं. नजर गेली, हात जरासा हलला. "हात नको!" तिसऱ्यांदा नजर गेली आणि हात अंगाशी लागून राहिला, जसा सरांना हवा होता तसा. टाळ्या वाजल्या. सगळे चहाला पांगले.

ग्लास अजून कडेलाच होता आणि आजोबांचं कोपर त्याला लागत होतं. मावशी टेबलाशेजारून गेली. तिने ग्लास पाहिला, आणि तशीच पुढे गेली. मी घाईघाईने तो सरकवायला वाकलो, तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "राहू दे तिथंच. परत लागेल तुम्हाला."