शीमावशी आणि उष्ट्या लिंबांचा साबण

माझ्या थोरल्या मावशीला घरात सगळे शीमावशी म्हणत. ते नाव लहानपणी मीच पाडलं, असं आई सांगते. मावशीला त्याचा कधी राग आला नाही, कारण शी हा शब्द तिच्या तोंडात कायमचा मुक्कामाला होता. पाहुणी म्हणून गेली की पाण्याचा पेला आधी उजेडात धरून त्याची कड बघायची आणि मग तहान नाही म्हणून सांगायची. दुसऱ्याच्या कंगव्यात केस अडकलेला दिसला तरी ती तोंड फिरवायची. अशा बाईच्या वाट्याला काम काय यावं, तर एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासण्याचं.

तिनं ते हौसेनं घेतलं नव्हतं. काकांची कंबर धरली, ते घरी बसले, आणि मिळालं ते काम तिनं पदरात पाडून घेतलं. स्वयंपाकघराच्या मागं एक अंधारी खोली होती. तिथं दोन मोठी सिंक, वर एक पिवळा दिवा आणि भिंतीत एक खिडकी. जेवून झालं की लोक त्या खिडकीतून ताटं आत सरकवत. कोणाच्या भातात विझवलेली सिगारेट खोचलेली, कोणाच्या सुपाच्या वाटीत हात पुसलेल्या कागदाचा लगदा, चावून चावून चोथा केलेले मांसाचे तुकडे, माशाचे काटे आणि त्यांना चिकटलेली थुंकी. मावशी तोंडानं श्वास घ्यायची. घरी आली की आधी न्हाणीघरात जायची आणि कोपरापर्यंत हात लाल होईस्तोवर घासायची. मगच कोणाशी बोलायची.

पण तिला खरी शिसारी यायची ती धुतलेल्या ताटांची. कँटीनच्या कंत्राटदारानं दिलेलं हिरवं लिक्विड म्हणजे नुसतं रंगीत पाणी. ताट दिसायला चकचकीत, पण पाठीवरून बोट फिरवलं की बोट घसरायचं. कालच्या माशाचं तेल आजच्या ताटाला आणि त्यावर गरम भात. दुसरं लिक्विड आणा म्हणून तिनं सांगून पाहिलं. कंत्राटदारानं हो हो केलं आणि त्याच बाटलीत आणखी पाणी ओतलं. तेव्हा मावशीनं स्वतःच लिक्विड करायचं मनावर घेतलं.

पहिला प्रयोग सपशेल फसला. तिनं अंगाचा साबण किसून गरम पाण्यात विरघळवला आणि जास्त स्वच्छ व्हावं म्हणून वर व्हिनेगर ओतलं. साबण फाटला. नासलेल्या दुधासारख्या पांढऱ्या गुठळ्या वर तरंगायला लागल्या आणि बोटांना मेणासारख्या चिकटल्या. काकांनी ते बघून नाक दाबलं आणि सांगितलं की हे पातेलं परत माझ्या स्वयंपाकघरात दिसता कामा नये. मावशीनं गॅलरीत जुना स्टोव्ह मांडला. आंबटाशी साबणाचं जमत नाही, एवढं तिच्या लक्षात आलं होतं. मग तिनं लिंबाची सालं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळली. आधी भांडं फसफसलं. फसफस थांबून सालं पार मऊ झाली तेव्हा पाणी गाळून घेतलं आणि त्या गरम पाण्यात साबणाचा कीस घातला. थंड झाल्यावर पिवळसर, दाट, बाटलीतून सावकाश पडणारं लिक्विड तयार झालं. त्यानं ताट घासलं की बोटाखाली ताट करकर वाजायचं. तो आवाज ऐकून मावशीला फार दिवसांनी बरं वाटलं.

एवढ्या ताटांना पुरतील इतकी लिंबं घरची कुठून आणणार? कँटीनमध्ये मासा आणि सूप यांच्यासोबत लिंबाची फोड द्यायचे. पिळलेल्या फोडी ताटांतून परत यायच्या. त्या तिनं वेचायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी तिला दोनदा बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. उष्ट्या लिंबानं उष्टी ताटं घासायची, हे तिच्या मनाला पटत नव्हतं. उकळल्यावर काही उरत नाही, असं स्वतःला बजावत ती हातमोजे घालून फोडी उचलायची आणि घरी न्यायची.

काही आठवडे बरे गेले. मग फोडी कमी यायला लागल्या. आधी नुसत्या दाबून टाकलेल्या, रस शिल्लक असलेल्या फोडी दिसेनाशा झाल्या. पुढं पार चिपाड झालेल्याच तेवढ्या यायच्या. कुठंतरी पाणी मुरतंय हे मावशीला कळत होतं, पण तिला वाटलं आचारी लिंबं चोरून घरी नेत असेल. एकदा दुपारी ती स्वतःचं जेवण घ्यायला बाहेरच्या काउंटरवर गेली. फोडींच्या वाडग्यात हात घातला आणि उचललेली फोड तिनं सवयीनं उजेडात धरली. सालीवर लाल लिपस्टिकचा अर्धा ओठ उमटलेला होता.

मग तिला आठवलं की ती स्वतः रोज इथंच जेवते आणि लिंबू पिळल्याशिवाय तिच्या घशाखाली सूप उतरत नाही. तिथून ती मोरीवर कशी पोचली ते तिचं तिलाच ठाऊक. पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर पडलं, आणि पडायला काही उरलं नाही तरी उमासे थांबेनात.

आचाऱ्यानं सरळ कबूल केलं. ताटं खिडकीपर्यंत पोचायच्या आधी बऱ्यापैकी फोडी तोच काढून घ्यायचा, नळाखाली धरायचा आणि वाडग्यात टाकायचा. मला सांगितलं तसं मी करतो, म्हणाला. मावशी कंत्राटदाराकडे गेली. तो दात कोरत बसला होता.

"तुम्ही लोकांना उष्टं खायला घालताय," ती म्हणाली.

"आणि तुम्ही त्याच उष्ट्यानं त्यांची ताटं घासताय," तो म्हणाला. "तुमच्यात नि माझ्यात फरक काय, बाई?"

मावशी आईला नंतर म्हणाली की त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं, पण त्याहून जास्त स्वतःचीच किळस आली. दुसऱ्या दिवशी तिनं खिडकीच्या बाहेर सोडा आणि साबण कालवलेल्या पाण्याची बादली ठेवली आणि जेवून उठणाऱ्यांना सांगितलं की लिंबाची फोड आधी यात टाका. लोक टाकायला लागले. एकदा बादलीत पडलेली फोड कोणाच्या तोंडी जाणार नाही, असा तिचा हिशेब होता. कंत्राटदारानं कपाळाला आठ्या घातल्या, पण चारचौघांत काही बोलला नाही.

त्यानंतर एकदा ती काकांना डॉक्टरकडे घेऊन गेली आणि कामावर उशिरा पोचली. जेवणाची वेळ चालू होती. त्या दिवशी कँटीनमधली लिंबं संपली होती, आणि कंत्राटदाराच्या सांगण्यावरून आचाऱ्यानं आदल्या दिवशीच्या, बादलीतच राहिलेल्या फोडी काढून धुऊन वाढल्या होत्या. लेथवर काम करणाऱ्या एका थोराड माणसानं गरम माशावर लिंबू पिळलं आणि माशावर फेस आला. त्यानं आधीच तोंडात घातलेला घास हातात थुंकला आणि तो सगळ्यांना दाखवत उभा राहिला. शेजारच्यांनी आपापल्या फोडी नाकाला लावल्या. कंत्राटदार धावत आला. दारात मावशी दिसताच त्यानं तिच्याकडे बोट केलं आणि सांगितलं की या बाईनं लिंबात साबण कालवलाय.

सगळं कँटीन तिच्याकडे बघायला लागलं. मावशीचा आवाज मुळात बारीक. पण ती बोलली ते शेवटच्या बाकापर्यंत गेलं.

"साबण मीच घातला. पण ही फोड काल तुमच्यापैकी कुणीतरी चोखून ताटात टाकलेली आहे. बादली ठेवायच्या आधीच्याही तशाच होत्या. तुम्ही सगळ्यांनी कितीतरी दिवस एकमेकांचं उष्टं खाल्लंय, आणि मीही खाल्लंय."

एकानं चमचा खाली ठेवला. ऑफिसातली, लाल लिपस्टिक लावणारी बाई तोंडावर रुमाल धरून उठली आणि तिच्या मागं आणखी काही जण. मोरीवर रांग लागली. आत न पोचलेल्यांनी बाहेर कुंडीतच कार्यभाग उरकला. ज्यांचं पोट मजबूत होतं त्यांचंही ते आवाज ऐकून टिकलं नाही. मावशी भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती. आपण खरं बोललो याचं समाधान वगैरे तिला काही झालं नाही. वास मात्र असह्य होता, आणि ते सगळं धुवायचं कोणी, हा विचार तिला आधी आला. धुतलं शेवटी तिनंच. आचाऱ्यानं पाणी ओतून दिलं.

कंत्राटदाराचं कंत्राट गेलं. त्याच्या जागी आलेल्यानं मावशीला राहा म्हणून आग्रह केला, नवं लिक्विड दाखवलं, लिंबं समोर कापू म्हणाला. मावशीनं हात जोडले. त्या खिडकीपाशी आपल्याला आता उभंच राहवणार नाही, असं तिनं सांगितलं.

तेव्हापासून ती बाहेर काही खात नाही. आमच्याकडे आली तरी लिंबू स्वतः कापून घेते. लिक्विड अजून करते, घरच्या लिंबांचं, आणि आम्हा सगळ्यांना बाटल्या भरून देते. काम तिला एका प्रयोगशाळेत मिळालं. तिथं ती काचेच्या नळ्या आणि चंबू धुते. कशात काय उकळलेलं असतं ते तिला कळत नाही, आणि काही नळ्यांना असा दर्प असतो की डोळ्यांतून पाणी येतं. आईला काळजी वाटते. त्यात काही विषारी असलं तर, असं आईनं एकदा विचारलं.

"असू दे," शीमावशी म्हणाली. "कुणाच्या तोंडातलं तर नाही."